लॅपटॉपला आसन

“काकू, हे काय? लॅपटॉपला आसन?”

प्रणाली दारातच थांबून हसत होती. वरच्या मजल्यावरच्या चौधरींची ही नवी सून. घरी बसून पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम करायची, म्हणून मीच तिला बोलावलं होतं. चौरंगावर लोकरीचं आसन, त्यावर लॅपटॉप, शेजारी कापसाची परडी आणि वातींचं ताट. झाकणावर खंडेनवमीला लावलेलं हळदकुंकू पुसटसं उरलं होतं.

“पूजलेली वस्तू आहे गं,” मी म्हटलं. “नुसती खाली कशी ठेवायची?”

“अहो काकू, याचं नाक खाली असतं! तुम्ही उशी दाबून धरलीय त्याच्या नाकावर.” तिने लॅपटॉप उचलला आणि पटकन हात बदलला. “बापरे, यावर पापड भाजता येतील. काय चालवता एवढं? कीर्तनं बघून तर इतका तापणार नाही.”

मी जरा घुटमळले. “एक खेळ आहे.”

“गेम? तुम्ही गेम खेळता?”

“खेळत नाही. चालते नुसती.”

तिला काही कळलं नाही, पण चांगली मुलगी; फार विचारलं नाही तिने. मी खेळ लावून दाखवला. डोंगर आले, नदी आली, विहीर आली. विहिरीपाशी हिरव्या लांब झग्यातली बाई म्हणजे मी. मी बाणाचं बटण दाबलं. बाई एक पाऊल टाकायची, थांबायची, मग एकदम चार पावलं पुढे उडी मारल्यासारखी दिसायची. आतला पंखा किंचाळायला लागला.

“घाटात चढलं वाटतं तुझं इंजिन,” आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला. हे दुपारी कूलरपुढे आडवे असायचे. आयुष्य लोको शेडमध्ये काढलेलं. घरातल्या मिक्सरलासुद्धा ते इंजिन म्हणत.

प्रणालीने आसन काढून लॅपटॉप चौरंगाच्या लाकडावर ठेवला, मागच्या बाजूला दोन काडेपेट्यांची टेकणं दिली. मग खेळातल्या कसल्या कसल्या यादीत शिरली. “असं करू या, याच्या डोक्यावरचं ओझं कमी करू. गवत कमी करते. सावल्या बंद करते. आणि लांबचं दिसणं कमी करते. जवळचं तेवढं दिसेल, पुढे धुकं.”

“लांबचं नाही दिसणार?”

“जवळ गेलात की दिसेल ना काकू.”

मी मान हलवली. तेवढ्यात त्या धुक्यातून पिवळी टोपी घातलेली एक मुलगी धावत आली आणि माझ्या हिरव्या झग्यासमोर उभी राहिली. दोन उड्या मारल्या तिने.

“अय्या, ही कोण?”

“आहे एक. ओळखीची.”

“मग बोला ना तिच्याशी. हे बघा, इथे लिहिता येतं.”

“नको,” मी म्हटलं. “आम्ही बोलत नाही.”

ती भुसावळची जेठातली दुपार होती, आणि त्या साली जेठ अधिक आलेला. त्याला आता बरीच वर्षं झाली. हे आता नाहीत. पण भिंतीवर उन्हाचा तो पांढरा पट्टा आला की मला अजून तो पंखा ऐकू येतो.

पिवळी टोपी म्हणजे माझी लेक, जागृती.

लॅपटॉप तिचाच. कॉलेजात असताना ती तासन् तास त्यावर बसायची आणि मी तिच्या शेजारी वाती वळत बसायचे. “आई, तुलाही आत घेते,” म्हणून एक दिवस तिने माझी बाई तयार केली. “नऊवारी नाही मिळत गं यात. हिरवा झगा चालेल का?” मी म्हटलं, “चालेल, पण पायघोळ हवा.” लोक त्यात लढाया करत असतील, राक्षस वगैरे मारत असतील, आम्ही मायलेकी नदीच्या काठाने चालायचो. तिने मला विहिरीपाशी एक रोप लावून दिलं होतं. तुळस समज म्हणाली.

मग डेन्झिलची गोष्ट घरात कळली. रेल्वेतल्या गार्डचा मुलगा, सभ्य, बडोद्याला नोकरीला. पण आमच्यातला नव्हता, आमच्या देवाचा नव्हता. हे पेटले. जागू बॅग घेऊन दारात उभी होती. ह्यांनी मला देवघरासमोर उभं केलं. संध्याकाळचा दिवा नुकताच लावला होता.

“ठेव दिव्यावर हात,” हे म्हणाले. “म्हण, हिच्याशी बोलणार नाही. फोन नाही, पत्र नाही.”

“अहो, असं नका...”

“म्हण, कुमुद.”

जागूने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात घेतलेला नेम मोडलेला नाही हे तिला ठाऊक होतं. सोमवार, चतुर्थ्या, चातुर्मासातलं एकवेळ जेवण. तापात फणफणतानाही सोडलं नाही. ती बाहेरून म्हणाली, “घे आई. नाहीतर बाबा तुला जगू देणार नाहीत.” मी हात ठेवला. शब्द उच्चारले. डोळे उघडले तेव्हा दार मोकळं होतं.

खंडेनवमीला ह्यांची पाने-पक्कडी, माझी विळी, कात्री असं सगळं पाटावर मांडलं, त्यात मागे राहिलेला तिचा लॅपटॉपही मांडला. हळदकुंकू वाहिलं. हे बघून म्हणाले, “याला कशाला?” मी म्हटलं, “विद्या आहे.” पूजेनंतर मी तो उघडला, नुसता चालतो का बघायला. खेळाच्या चित्रावर बोट पडलं. विहिरीपाशी माझं रोप कमरेएवढं झालं होतं. कोणीतरी पाणी घालत होतं त्याला. मी उभी राहिले, बघत राहिले, आणि थोड्या वेळाने नदीकडून पिवळी टोपी आली.

तिने एक अक्षर लिहिलं नाही. मीही नाही. शपथ बोलण्याची होती, लिहिण्याची होती. चालण्याची नव्हती. मी देवासमोर बसून पुष्कळ विचार केला यावर, आणि देवाने काही हरकत घेतल्याचं मला जाणवलं नाही.

तेव्हापासून दुपारी हे आडवे झाले की मी लॅपटॉप उघडायचे. एका हाताने वाती वळायच्या, मधूनच बाणाचं बटण दाबायचं. ती येईपर्यंत वाती, ती आली की चालणं. तिने नदीपलीकडे घर बांधलं. दाराला दिवे लावले, मोजून मी दिवाळीत लावते तसे दोन्ही बाजूंना. एकदा स्वयंपाकघर दाखवलं. एकदा नुसतीच ओट्यावर बसून राहिली, मग मीही शेजारी बसले. तिला बरं नसावं त्या दिवशी. असं कळायचं.

अधिक लागला आणि मी लक्षवातीचा नेम धरला. माहेरच्या शेतातला कापूस यावलहून भावाने पाठवला होता. हाताने सरकी काढायची, पिंजायचा, दुधाचं बोट लावून फुलवात वळायची. घरभर कापूस उडायचा. ह्यांच्या मिशांवर बसायचा.

“म्हातारा झालो म्हणून तू आणखी पांढरा करू नकोस मला,” हे म्हणायचे.

धोंड्याचा महिना म्हणजे लेक-जावयाला बोलवायचं, जावयाला अनारशांचं वाण द्यायचं. शेजारीपाजारी जावई येत होते. चौधरींकडे अनारशांचा वास सुटला होता. मीही तांदूळ भिजत घातले, वाळवले, गुळात पीठ मळून डब्यात ठेवलं. कुणासाठी, ते हेही विचारत नव्हते.

प्रणालीने ओझं कमी केल्यावर खेळ थोडे दिवस बरा चालला. पण तो आता पूर्वीचा नव्हता. पिवळ्या टोपीच्या पायाशी सावली नव्हती. जमिनीला न टेकल्यासारखी ती चालायची. नदीपलीकडचं तिचं घर विहिरीवरून दिसायचं ते दिसेनासं झालं. नुसतं करडं धुकं. ती वळून घराकडे निघाली की चार पावलांत विरून जायची.

आणि मग लॅपटॉप मधूनच बंद पडायला लागला. आधी पंखा किंचाळायचा, बाई अडखळायची, मग पटकन काळोख. ओला फडका शेजारी ठेवून पाहिला. कूलरच्या वाऱ्यात चौरंग सरकवून पाहिला. प्रणाली पुन्हा येऊन गेली.

“काकू, आतून उघडायला लागेल. मी उघडला तर परत बंद नाही व्हायचा. दुकानात द्या.”

“किती दिवस ठेवतील?”

“बोर्ड गेला असेल तर महिना धरा.”

महिनाभर ती रोज विहिरीशी येईल आणि तिथे कोणी नसेल. तिला वाटेल, आईने हेही सोडलं.

दुसऱ्या दिवशी तो सुरू झाला. पिवळी टोपी वाटच बघत होती. मला पाहताच ती वळली, थोडं पुढे जाऊन थांबली, पुन्हा मागे आली, पुन्हा पुढे गेली. लहानपणी काही दाखवायचं असलं की पदर ओढत न्यायची तशी. मी मागून निघाले. पूल ओलांडला. पंखा ओरडू लागला. “थांब बाळा,” मी मनातल्या मनात म्हणाले, लॅपटॉपला की तिला कोण जाणे. तिच्या घराच्या मागे ती मला घेऊन गेली. धुक्यातून आधी एक खांब दिसला. मग दुसरा. दोन्हींच्या मध्ये दोरी बांधली होती, आणि दोरीला काहीतरी टांगलं होतं. काय ते दिसायला अजून दोन पावलं हवी होती.

काळोख झाला.

मी बटण दाबत राहिले. गरम झाकणावर हात ठेवून बसले. त्या दिवशी तो उठला नाही, दुसऱ्या दिवशीही पडदा उजळायचा आणि खेळ येण्याआधीच मिटायचा.

हे चहा घेत पेपर वाचत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

“अहो, जरा बघता का हा लॅपटॉप? बंद पडतोय.”

“पोथी मोबाइलवर ऐक की.”

“पोथी नसते त्यावर.”

“मग काय असतं?”

मी कधी खोटं बोलले नव्हते. आजवर त्यांनी विचारलंच नव्हतं. “जागू असते,” मी म्हटलं.

पेपर हळूच खाली आला.

“बोललीस?”

“नाही.”

“लिहिलंस काही?”

“नाही. तिनेही नाही. नुसत्या चालतो.”

“चालता?”

“खेळात. नदीकाठाने.”

हे उठले. मला वाटलं, आता लॅपटॉप बाहेर जाणार. पण ते मागे गेले, बादली घेऊन कूलरमध्ये पाणी भरत बसले. कूलर भरून वाहायला लागला तरी ओतत होते. मग चपला घालून त्या उन्हात बाहेर पडले.

परत आले तेव्हा हातात घड्याळजीकडून मागून आणलेले बारके स्क्रूड्रायव्हर होते. चष्मा लावला, पेपर पसरला, त्यावर लॅपटॉप पालथा घातला.

“कधीपासून तापतोय?”

“अधिक लागल्यापासून जास्त.”

“आवाज?”

“तुम्ही ऐकलाय की. घाटात चढल्यासारखा.”

“आणि ओढत नाही. मग बंद.” ते स्वतःशीच बोलत होते. “याला ताकद कमी नाही गं. याचा ब्लोअर कुठेतरी गुदमरतोय. इंजिनाचंही असंच होतं. हवा मिळाली नाही की स्वतःच स्वतःला बंद करतं, जळू नये म्हणून.”

एकेक स्क्रू त्यांनी बशीत ठेवला. खालचं झाकण निघालं. ते वाकले आणि तसेच थांबले.

“कुमुद, इकडे ये.”

पंख्याच्या पात्यांमागे, जिथून गरम वारा बाहेर जायचा त्या जाळीवर, कापसाची एक घट्ट गादी बसली होती. करडी, दाबून दाबून नमदा झालेली. आणि पंख्याच्या आसाला, गरगर फिरून, कापसाचा एक पीळ बसला होता. खाली बोंड, वर शेपटी. ह्यांनी चिमट्याने तो अलगद ओढून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“वात आहे ही,” हे म्हणाले. “आतल्या आत वळली गेलीय.”

मी ती बघत राहिले. माझ्याच परडीतला कापूस. तिच्यासाठी वळत होते, तिची वाट बघत वळत होते, आणि तोच जाऊन बसला होता तिच्या वाटेत.

“एवढा नेम कुणासाठी धरलास?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“तुम्हाला माहीत आहे.”

त्यांनी ब्रशने जाळी साफ केली, तोंडाने फुंकर घातली, पंखा बोटाने फिरवून पाहिला. तो निमूट फिरला. बराच वेळ ते तो बोटाने नुसताच फिरवत राहिले.

झाकण बसवून लॅपटॉप सुरू केला, तेव्हा मला आधी वाटलं, लागलाच नाही. आवाजच नव्हता. हात ठेवला तर गार. खेळ उघडला. मी प्रणालीने दाखवलेल्या यादीत गेले आणि सावल्या परत लावल्या. लांबचं दिसणं परत लावलं. एकदम धुकं विरलं. पूल, घर, दारातले दिवे. आणि मी जिथे थांबले होते तिथेच, घरामागे, दोन पावलांवर, दोन खांबांमधल्या दोरीला टांगलेली टोपली. टोपलीत लाल कापड घातलं होतं.

झोळी.

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांना सांगावं लागलं नाही. जागूची झोळी ह्याच घरात, ह्यांनीच शेडमधून आणलेल्या कड्यांना टांगलेली. त्या कड्या अजून तुळईला आहेत.

“हे तिने केलं?”

“हो.”

“कसं चालतात यात?”

मी बाणाची बटणं दाखवली. माझा हिरवा झगा घेऊन हे निघाले ते खांबावर आपटले, कुंपणात अडकले, मग कुठलं तरी बटण दाबून उगाचच उड्या मारायला लागले. घरातून पिवळी टोपी बाहेर आली. थबकली. दोन पावलं मागे सरकली. ही आईची चाल नव्हती.

पडद्याच्या खाली अक्षरं उमटली. पहिल्यांदाच. मी तोंड फिरवलं. माझ्या शपथेत वाचणंही मी धरलं होतं. ह्यांनीच मोठ्याने वाचलं.

“‘बाबा?’ असं लिहिलंय.”

मग ते टकटक एका बोटाने काहीतरी शोधू लागले. मी म्हटलं, “अहो, शपथ आहे ना?”

“शपथ तू घेतलीस,” हे म्हणाले. “मी कुठे घेतली?” आणि जरा थांबून, अगदी खालच्या आवाजात, “मी घेतली असती तर आठवड्यात मोडली असती. तू मोडणार नाहीस, म्हणून तुला घ्यायला लावली.”

माझ्या हातात अजून ती करडी वात होती. मी मूठ मिटली. राग यायला हवा होता. आला नाही, किंवा आला असेल तर तो फार जुना झाला होता.

त्यांनी ‘हो’ लिहिलं. उत्तराला वेळ लागला. मग त्यांनी वाचलं, अडखळत, माझ्या बाईसारखं एकेक पाऊल टाकत.

“‘माझ्याशी नंतर बोला. आईला आधी सोडा.’”

देवघराकडे बघितलं त्यांनी. ते कधी पूजेला बसले नव्हते. सत्यनारायणालासुद्धा ड्यूटी आहे म्हणून निघून जायचे.

“कसं सोडतात?”

“घ्यायला लावणाऱ्याने पाणी सोडायचं,” मी म्हटलं. असं शास्त्र आहे की नाही मला आजही माहीत नाही. त्या क्षणी मला तेच योग्य वाटलं.

मी ताम्हन आणि पळी आणली. हे देवासमोर बसले, मांडी नीट जमेना तर एक पाय लांब करून. उजव्या हातावर मी पळीभर पाणी घातलं.

“काय म्हणू?”

“म्हणा, मी कुमुदला शपथेतून मोकळं केलं.”

“मी कुमुदला...” त्यांनी हात ताम्हनावर कलता केला. “मोकळं केलं.” पाणी ताम्हनात पडलं.

मग त्यांनी स्वतःचा मोबाइल घेतला. जागूचा नंबर पाठ होता त्यांना. लावला, आणि माझ्या कानाला लावून दिला.

पलीकडे उचललं गेलं. मी उभी होते. इतक्या दिवसांत काय काय साठवलं होतं मी. कितवा महिना आहे, ओकाऱ्या होतात का, डेन्झिल नीट बघतो का, अनारशांचं पीठ मळून ठेवलंय. पलीकडेही श्वासच ऐकू येत होता, आणि त्या श्वासामागे एक घरघर. तिच्याकडचाही पंखा ओरडत होता.

“आई?”

समोर लॅपटॉपच्या पडद्यावर हिरवा झगा आणि पिवळी टोपी झोळीपाशी उभ्या होत्या. कोणीच चालवत नव्हतं त्यांना. दोघींच्या पायाशी सावल्या होत्या.

“आई, बोल ना.”

माझ्या तोंडून शब्द निघाला तो एवढाच, “उकडतंय का गं तिकडे?”

आणि ती रडायला लागली. “हो,” म्हणाली. “खूप, आई. खूप उकडतंय.”